नऊ रुपयांचा थकबाकीदार

"काका, तुमचं सिबिल उतरलं आहे," शोरूममधला पोरगा म्हणाला आणि माझा हात आपोआप पँटच्या चेनकडे गेला.

गोष्ट २०२५ च्या जुलैतली. मुलीचं कॉलेज आर्वीला. आमच्या गावाची, रोहण्याची एसटी आणि तिचा पहिला तास यांचं जन्मात पटलं नाही, म्हणून तिला एक दुचाकी घेऊन द्यायची ठरली. निम्मे पैसे रोख, निम्मे हप्त्याने. गाडीचा रंग ठरला होता, नंबर कोणता मागायचा हे ठरलं होतं, नारळसुद्धा पिशवीत होता. आणि हे उतरलेलं सिबिल.

हा शब्द मला नवा नव्हता. गावात गेली काही वर्षं तो सोयाबीनच्या भावाइतकाच ऐकू येतो. कोणाचं सिबिल खराब असतं, कोणाचं डाऊन, एकाचं तर ओल्या भिंतीसारखं बसलं आहे. त्याचं लिंग मात्र रोहण्यात अजून ठरलेलं नाही. बँकेत जाऊन आलेला माणूस 'तो सिबिल' म्हणतो, न गेलेला 'ते सिबिल' म्हणतो, आणि ज्याचा अर्ज परत आला तो जे म्हणतो ते छापता येत नाही. वास्तविक ते एका कंपनीचं नाव, २००० साली निघालेल्या. देशात हाच धंदा करणाऱ्या आज चार कंपन्या आहेत, पण डबा कोणत्याही वनस्पती तुपाचा असो, आपण डालडाच म्हणतो ना, तसं. आपण कुठून किती कर्ज घेतलं, कोणता हप्ता किती दिवस चुकवला, हे बँका त्यांना कळवतात आणि ते आपल्याला मार्क देतात. कमीत कमी ३००, जास्तीत जास्त ९००. म्हणजे कितीही बुडवलं तरी ३०० कुठे जात नाहीत. मॅट्रिकला अशी सोय असती तर आमच्या बॅचचे निम्मे लोक आज साहेब असते.

"किती आहेत माझे?" मी विचारलं.

"सहाशे अकरा."

मी मनात भागाकार केला. नऊशेपैकी सहाशे अकरा म्हणजे जवळजवळ अडुसष्ट टक्के. फर्स्ट क्लास! आमच्या काळी एवढ्यावर पेढे वाटत. पण पोराचा चेहरा पेढ्यांचा नव्हता. त्याने लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे वळवलं. कर्ज: मोबाइलचं. थकबाकी: ५९० रुपये. थकलेले दिवस: ७५९.

"बाबा, पाचशे नव्वद रुपये?" मुलगी हळूच म्हणाली. आकडा ५९० कोटी असता तर तिला मान वर करून बाहेर पडता आलं असतं. तेवढ्याला लोक विमानाने जातात. आम्ही दीडच्या एसटीने परत आलो, नारळासकट.

एसटीपेक्षा बातमी वेगाने धावते. फाट्यावर उतरलो तर पानठेल्यावर लोक माझी वाटच पाहत होते.

"काऊन गा भाऊ, तुमचं सिबिल गेलं म्हणते?"

"गेलं नाही, उतरलं आहे."

"एकच झालं ना बावा. किती बुडवले?"

आता यात पेच असा की, ५९० म्हणालो तर हसणार आणि नाही सांगितलं तर गावात आकडा वाढत जाणार. मी खरं सांगितलं. कोणी हसलं नाही. उलट सगळ्यांचे चेहरे पडले. एक म्हातारे कास्तकार खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. लोकाइचे दोन-दोन लाख माफ झाले, तुह्ये पाचशे नई माफ होत." त्यांना २०१९ ची कर्जमुक्ती आठवत होती. दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज तेव्हा माफ झालं, यादीत नाव शोधायला सेतू केंद्रासमोर रांगा लागल्या. ५९० रुपयांसाठी मात्र आजवर कोणत्याही सरकारने यादी काढलेली नाही. आमची संख्या कमी पडते.

तसं पाहिलं तर सिबिलची भीती घालू नका असं खुद्द मुख्यमंत्र्यांनी २०२५ च्या खरिपाआधी बँकांना बजावलं होतं, पीककर्जाला सिबिल मागितलं तर गुन्हा दाखल करू म्हणून. तेव्हापासून बँकेतले साहेब सिबिल मागत नाहीत. नुसतं पाहून घेतात. आणि माझं तर पीककर्जही नव्हतं. दुचाकी हे कोणत्याच हंगामातलं पीक नाही.

घरी आलो. बायकोने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. आमच्या घरात देवघरानंतर या पेटीचा नंबर. तीत १९८७ पासूनच्या वीजबिलांच्या पावत्या आहेत, दोन बैलांच्या खरेदीचे दाखले आहेत (बैल आता नाहीत), सातबाऱ्याच्या नकला आहेत, आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्स किती ते मोजलेलं नाही. दोन तास पसारा घातला तेव्हा मोबाइलचे कागद सापडले. ऑगस्ट २०२२. किंमत १४,९९० रुपये, दहा हप्ते, प्रत्येकी १,४९९, बिनव्याजी. मुलगी अकरावीत गेली म्हणून घेतलेला. सप्टेंबरपासून जूनपर्यंत खात्यातून दर महिन्याच्या दोन तारखेला पैसे कापायचे होते.

मग पासबुक. पासबुक वाचणं ही आमच्याकडे चष्मा आणि मिणमिणता बल्ब यांच्या मदतीने करायची गोष्ट आहे, कारण बँकेच्या मशीनची शाई आणि बँकेचा उत्साह एकाच वेळी संपतो. बोट ठेवत ठेवत गेलो. सप्टेंबर कापला, ऑक्टोबर कापला, असं करत मे २०२३ कापला. नऊ हप्ते ठणठणीत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी १,५०० रुपये भरल्याची नोंद होती. आधीचे दहा होते, म्हणजे शिल्लक १,५१०. दोन जूनच्या हप्त्याला लागणार १,४९९. अकरा रुपये वर. मी पाहा किती व्यवस्थित माणूस!

आणि मध्ये, ३१ मे या तारखेला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. वजा वीस रुपये.

ती ओळ मी तीनदा वाचली. मग मुलीला दाखवली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. जनधन खातं उघडताना कुठल्यातरी फॉर्मवर सही केली असणार. वर्षाला आधी १२ रुपये कापायचे, जून २०२२ पासून २० झाले. विमा एक जून ते ३१ मे असा चालतो, म्हणून पैसे मेच्या अखेरीस जातात. अपघात झाला तर दोन लाख. वीस रुपये गेले, शिल्लक राहिली १,४९०, आणि दोन जूनला हप्ता मागायला आलेल्याला नऊ रुपये कमी पडले.

म्हणजे अपघात विम्याने माझा अपघात केला होता. नंतर बँकेत गेलो तेव्हा मी काउंटरवरच्या बाईंना विचारूनही पाहिलं, की यावर काही दावा करता येतो का. त्या म्हणाल्या, मृत्यू किंवा अपंगत्व असेल तरच. पत गेली तर ते कितवं अपंगत्व, हे फॉर्ममध्ये नाही.

पुढचं मला हळूहळू आठवलं. हप्ता परतला म्हणून बँकेने तिचा दंड कापला. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, ती जवळची आहे. आठवड्याभरात फायनान्स कंपनीचा एक पोरगा मोटारसायकलवर आला, पाठीला बॅग, हातात छोटं मशीन. मी त्याला १,४९९ रोख दिले. बायकोने चहा दिला. मशीनमधून चिठ्ठी आली, पोरगा म्हणाला, "झालं काका, क्लिअर," आणि गेला. कंपनीने मात्र त्या नऊ रुपयांच्या तुटीचा वेगळा दंड लावून ठेवला होता, ५०० रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी. तो ना पोराने मागितला, ना मला कोणी सांगितला. दोन वर्षं एक महिना तो तिथे एकटा बसून दिवस मोजत राहिला. एक, दोन, तीनशे, सातशे एकोणसाठ.

"चिठ्ठी कुठं आहे?" बायको म्हणाली.

चिठ्ठी पेटीतच होती. नीट घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. उघडली तर कोरी. दोन्ही बाजूंनी पांढरी शुभ्र. त्या मशीनच्या चिठ्ठ्यांवर शाई नसते, कागदच तापून काळा होतो आणि काही महिन्यांत सगळं विसरून जातो. १९८७ चं वीजबिल आजही खणखणीत वाचता येतं, आणि २०२३ ची पावती अशी निर्मळ, की तिच्यावर किराण्याची यादी करावी.

"भरून टाका ना पाचशे नव्वद," असा सल्ला त्या संध्याकाळी मला निदान अकरा जणांनी दिला. सल्ला वाईट नव्हता. पण सेतू केंद्रातला पोरगा, ज्याला गावात याबाबतीत डॉक्टरचा मान आहे, तो म्हणाला, "काका, भरलं तर खातं बंद होईन, पण मागच्या तीन वर्षांचे महिने रिपोर्टमध्ये दिसतच राहते. आन् त्याइनं 'सेटल्ड' असा शिक्का मारला तर आणखी बेकार. बँकवाले त्याले पाहूनच दूर पयते." म्हणजे पैसे भरले तर मी दोषी, नाही भरले तर थकबाकीदार. आणि माझा मुद्दाही वेगळा होता. ५९० रुपये गेले तर गेले, तेवढ्याची फवारणी पावसात वाहून जाते. पण मी बुडव्या नाही! चहा दिला होता आम्ही त्या पोराला.

मी आधी फोन केला. कंपनीच्या फोनवर एक बाई आठ आकडे दाबायला सांगते आणि आपण नववा दाबला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी एक जिवंत मुलगी सापडली.

"सर, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"रोहणा से."

"रोहाना, मुजफ्फरनगर, यूपी?"

"नहीं, रोहणा, वर्धा. आर्वी तालुका."

"सर, नजदीकी रेलवे स्टेशन?"

आता हिला काय सांगू? आमच्या गावाला खुद्द स्टेशन होतं. इंग्रजांच्या वेळची पुलगाव-आर्वी छोटी लाइन, कापूस वाहायला टाकलेली. ती झुकझुकत यायची, नंतर यायची बंद झाली. "था," मी म्हणालो. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "सर, सिस्टम में 'था' नहीं आ रहा है."

पूर्वीच्या लोकांचं बरं होतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले, कर्जाची खतं आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. शेवटी १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. मी त्या जाळपोळीचं समर्थन करत नाही, पण सोय तर पाहा, वही डोळ्यांना दिसत होती, कोणत्या घरात आहे ते माहीत होतं. मी आज काडेपेटी घेऊन निघालो तर एसटीचा कंडक्टर विचारणार, तिकीट कुठलं देऊ?

माझ्यापेक्षा थोर थकबाकीदारही या देशात होऊन गेले, हे कळल्यावर मात्र जरा धीर आला. २०२२ साली गुजरात हायकोर्टात एक प्रकरण आलं. अहमदाबादजवळच्या एका शेतकऱ्याने जमीन विकली, पीककर्ज फेडलं, आणि बँक नो ड्यूजचा दाखला देईना. का, तर खात्यात ३१ पैसे बाकी. न्यायमूर्तींनी बँकेची चांगलीच हजेरी घेतली, ५० पैशांखालची रक्कम हिशोबात धरायचीच नसते म्हणून सुनावलं. मला त्यात वेगळीच मौज वाटली. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत. म्हणजे त्या शेतकऱ्याने ठरवलं असतं तरी ३१ पैसे काउंटरवर रोख मोजता आले नसते. रुपया द्या आणि ६९ पैसे परत मागा, तर बँकच थकबाकीदार.

असो. सेतूच्या पोराने तक्रारीचा रस्ता दाखवला. सिबिलच्या साइटवर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून तसा नियमच आहे, आणि चुकीच्या नोंदीवर हरकतही फुकट घेता येते. ती घेताना ओटीपी येतो. रोहण्यात ओटीपी येतो तो लिंबाच्या झाडाखाली आणि कॉम्प्युटर आहे सेतूमध्ये. म्हणून मी फोन घेऊन झाडाखाली, मुलगी मधे रस्त्यावर, पोरगा आत. मी आकडे ओरडायचो, ती पुढे ओरडायची, आत पोहोचेपर्यंत वेळ संपायची. चौथ्या खेपेला जमलं तेव्हा माझा गुप्त क्रमांक निम्म्या गावाला पाठ झाला होता. मग यादी उघडली: हरकत कशावर आहे? नाव, पत्ता, रक्कम, 'हे खातं माझं नाही'. मी वर-खाली पाहिलं. वीस रुपयांच्या विम्यामुळे नऊ रुपये कमी पडले, असा पर्याय नव्हता. रक्कम निवडली.

"काका, पुरावा?" पोरगा म्हणाला.

मी कोरी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, आणि आदराने परत दिली.

तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मी तिचा फोटो काढला होता वाटते."

कशावर? त्याच मोबाइलवर. ज्याच्यासाठी हे रामायण, तो मोबाइल आता काच तडकून, मागचं झाकण रबराने बांधून, शिवणयंत्राच्या खणात पडला होता. तासभर चार्जिंगला लावला. चालू झाला, बंद झाला, पुन्हा चालू झाला. मांजरांचे, वाढदिवसाचे, हरवलेल्या चपलेचे असे सातशे फोटो मागे सारल्यावर ती चिठ्ठी आली. काळी कुळकुळीत अक्षरं. मिळाले: १,४९९. बाकी: ०. कोपऱ्यात बायकोचा चहाचा कप. आरोपीच माफीचा साक्षीदार झाला. फोटो पाठवून होताच तो जो विझला, तो आजपर्यंत.

२१ जुलैला तक्रार गेली. त्या रात्री सेतूच्या पोराने आणखी एक गोष्ट सांगितली आणि आमच्या घरातलं वातावरणच पालटलं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, एप्रिल २०२४ पासून लागू. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यायची. त्या ३० मधले २१ दिवस कर्ज देणाऱ्याला, उरलेले सिबिलवाल्यांना.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "रोज शंभर?"

"रोज."

"काही न करता?"

रोजगार हमीवर दिवसभर माती उपसली तर तेव्हा ३१२ रुपये मिळत. सोयाबीनचं तर विचारूच नका, तिथे आपणच रोज शंभर देतो. तिने बोटांवर हिशोब केला. वर्षभर रखडलं तर छत्तीस हजार. दुचाकीचे हप्ते त्यातच निघतात. जी बाई आठवडाभर 'तक्रार कधी करता' म्हणून माझ्या मागे होती, ती आता म्हणू लागली, "अवो, काऊन घाई करून रायले? मोठे लोक आहेत, त्याइले वेळ लागते." मी चौकशीचा फोन लावायला घेतला की ती डवरणीची आठवण करून द्यायची. विसाव्या दिवशी काही नाही. पंचविसाव्या दिवशी काही नाही. गावात यावर पैजा लागल्या. आमच्या इतिहासात पहिल्यांदाच दिरंगाईवर एका घराची भिस्त होती, आणि अनुभवाच्या जोरावर ती रास्तच होती.

एकोणतिसाव्या दिवशी, पोळ्याला तीन दिवस असताना, लिंबाखालून जाताना फोन वाजला. तुमची हरकत मान्य. थकबाकी शून्य. नोंद दुरुस्त.

बायको बैलांच्या मातीच्या जोडीला रंग देत होती. तिने मेसेज वाचला, ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाली, "दोन दिवस थांबले असते त काय बिघडलं असतं मेल्याइचं!"

गाडी आली, नारळ फुटला. तोच नारळ, जरा खवट निघाला. विमा बंद करावा असं मी एकदा सुचवलं, पण ती म्हणाली राहू द्या, घरात एवढे अपघात होऊन रायले, एखादा तरी त्यात बसंन. आता मेच्या शेवटी मी खात्यात शंभर रुपये जास्तीचे ठेवतो.

नवा आकडा कळला तेव्हा मी फोन घेऊन पानठेल्यावर गेलो. ज्यांनी खांद्यावर हात ठेवला होता ते सगळे तिथेच होते. ७३४. पानठेलेवाल्याने चुना लावता लावता मान वाकडी करून स्क्रीन पाहिली.

"किती पैकी?"

"नऊशे."

त्याने मनात वजाबाकी केली. "म्हणजे एकशे सहासष्ट अजून राह्यलेच आहे ना भाऊ. कोणाचे होय थे?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याने पान हातात ठेवलं आणि गल्ल्याखालची वही काढली.

"हे रोख, का लिहू?"